पुतळ्यांच्या माळेतला टोपीवाला

जळते मी हिरावर. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं ऐकताना कुणी नाकं मुरडायला नकोत. ती माझी धाकटी जाऊ, कात्रजची. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन वाघोलीत आली तेव्हा आमच्या घरामागं ज्वारी डुलत होती, आता तिथं सात मजल्यांच्या तीन इमारती आहेत. गाव बदललं, रस्ता बदलला, माझी कंबर तर विचारूच नका, पण ही बया आल्या दिवशी होती तशीच. मी भाकरी थापली की लोक जेवून उठतात. तिनं थापली की लोक "वा, हिरा!" म्हणतात. पीठ तेच, तवा तोच, गॅससुद्धा तोच.

तर आमच्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, एक पुतळ्यांची माळ होती. नाण्यासारख्या चपट्या, सोन्याच्या चौतीस पुतळ्या, रेशमात गाठवलेल्या, प्रत्येकीवर लक्ष्मी ठसवलेली. त्यातल्या तेहेतीसच खरं तर लक्ष्मीच्या. चौतिसाव्या, मधे गाठवलेल्या पुतळीवर एक बाप्या होता. डोक्यावर टोपीसारखं काहीतरी, खांद्यावर भाला, डोळे बटाट्याएवढे. वरच्या अंगाला एकमेकांजवळ दोन भोकं. मागच्या बाजूला पंख असलेली कुणीतरी बाई काठी धरून उभी. कडेनं कसलीशी अक्षरं होती, ती ना मराठी ना मोडी. घरात सगळे त्याला टोपीवाला म्हणायचे. कुठून आला हे आत्याबाईंनाही ठाऊक नव्हतं. "माझ्या सासूच्या सासूच्या गळ्यात बी ह्यो व्हता," एवढंच त्या म्हणायच्या. विचारात पडल्या की त्याच्यावर अंगठा फिरवत बसायच्या. म्हाताऱ्या माणसाची सवय, म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही.

आत्याबाई गेल्या. सोजरबाई म्हणून अख्ख्या वाघोलीत मान होता त्यांना. जाताना सांगून गेल्या की माळ दोघी सुनांनी निम्मी निम्मी घ्यायची, आणि वाटणी आपल्या घरच्या रीतीनं करायची. आमच्या घरची रीत अशी, की एकानं वाटायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. शेताच्या तुकड्यापासून आंब्याच्या राशीपर्यंत सगळं असंच. वाटणाऱ्यानं लबाडी केली तर उचलणारा चांगला वाटा उचलणार, म्हणून वाटणारा नीट वाटतो. थोरलीनं वाटायचं, धाकटीनं उचलायचं. म्हणजे हक्क परत तिलाच.

वर्षश्राद्ध झालं आणि रझिया माळ सोडवायला आली. ती पटवेकरीण. दागिने रेशमात गाठवायचं काम तिच्या घरात तीन पिढ्यांचं. आत्याबाईंची माळ दर दोन वर्षांनी तिच्याच हातून नव्या रेशमात जायची. त्याआधी हिराच्या लेकीनं, ऋतिकानं, एकेका पुतळीचा मोबाइलवर फोटो काढला, पुढून आणि मागून, आजीची आठवण म्हणून. मग रझियानं रेशीम कापलं, पुतळ्या पाटावर ओतल्या, आणि मी वाटायला बसले.

आता खरं सांगते. मला तो टोपीवाला नको होता. सतरा लक्ष्म्या सारख्या एका ओळीत गळ्यात आल्या म्हणजे कशा शोभतात! त्यात मधेच हा बटाट्या डोळ्यांचा बाप्या कशाला? मी दोन ढीग केले. एका ढिगात टोपीवाला ठेवला, पण पालथा. पंखवाली बाई वर आली, लांबून लक्ष्मीच वाटली. त्याच्यावर आणि आजूबाजूला घासून लखलखीत केलेल्या पुतळ्या मांडल्या. दुसऱ्या ढिगावर मुद्दाम काळवंडलेल्या ठेवल्या. म्हटलं, बघू आता काय उचलतेस.

हिरा पाटासमोर बसली. पदर सावरला. चकचकीत ढिगाकडं बघितलं, एका बोटानं वरच्या दोन पुतळ्या बाजूला सारल्या, आणि नेमका टोपीवाला उलटा केला. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. किंचित हसली. परत त्याला तसाच पालथा घातला आणि काळवंडलेला ढीग उचलून ओटीत घेतला.

"झालं, अक्का," म्हणाली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलीनं पकडलं मला, आणि वर हसली! रझियासमोर, पोरीसमोर. काही बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. पण ती बोलतच नाही ना, तिथंच तर सगळं दुखणं आहे.

हिराची माळ गाठवून आली. चिंचेनं धुतल्यावर त्या काळवंडलेल्या पुतळ्या माझ्यापेक्षा जास्त उजळल्या. पाडव्याला ती घालून आली आणि जी बाई आली ती म्हणाली, "हिरा, काय गं शोभते तुला!" माझ्या गळ्याकडं बघून एक जण म्हणाली, "हे मधे काय आहे हो, वहिनी? भालदार?" मी घरात जाऊन माळ काढली आणि डब्यात आपटली. तीन दिवस हिराशी धड बोलले नाही. तिला कळलंसुद्धा नाही, ती आपली दारातल्या तुळशीला पाणी घालत गुणगुणत होती.

पुढं वैशाखात माझ्या पियुषचं लग्न ठरलं. मुलाची आई मी! त्या दिवशी तरी फोटोत माझी माळ हिराच्या माळेपेक्षा कमी दिसता कामा नये, हे मी मनाशी पक्कं केलं. टोपीवाला रुमालात बांधला आणि रविवार पेठेत रतन सोनाराकडं गेले. त्याचा बापसुद्धा आमच्याच घरचे दागिने करायचा.

रतननं टोपीवाला तळहातावर घेतला, भिंगातून बघितला, कसोटीवर जरासा घासला.

"वहिनी, असलं चोख सोनं हल्ली बघायला मिळत नाही. आणि ही फार जुनी दिसते. राहू द्या ना."

"रतनभाऊ, मी सल्ला मागायला आले का?"

"नाही."

"मग लक्ष्मीची पुतळी करून द्या. बाकीच्यांसारखी. आणि सोनं उरेल त्याचं काय ते बघा."

टोपीवाला अंगानं जाड होता. एक लक्ष्मी होऊन सोनं उरलं, त्याची रतननं कानातल्या फुलांची छोटी जोडी करून दिली. रझिया माळ गाठवायला आली तेव्हा तिनं पुतळ्या मोजल्या, मधली हातात धरली आणि विचारलं, "भाभी, टोपीवाला?"

"मोडला."

"बरं," म्हणाली आणि सुई ओवली. एवढंच. पण त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला आजही कानात ऐकू येतं.

लग्नात ऋतिका करवली होती. करवलीला मान द्यायचा असतो. मी भरल्या मांडवात तिला जवळ बोलावलं आणि ती सोन्याची फुलं माझ्या हातानं तिच्या कानांत घातली. बायका तिच्या कानांकडंच बघत राहिल्या, माझ्या माळेत टोपीवाला नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हिराच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "अक्का, एवढं कशाला?" आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! गळ्यात सतरा लक्ष्म्या, पोरीच्या कानात माझं सोनं, आणि हिरा माझ्यापुढं वाकलेली. बावीस वर्षांत तो एकच दिवस माझा होता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ऋतिका धावत वर आली. ती कॉलेजात प्राचीन इतिहासात एम. ए. करते. एरवी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसणारी पोर, पण त्या दिवशी धापा टाकत होती. कानात तीच फुलं चमकत होती, काढायचीच नाही ती कधी.

"मोठी आई! टोपीवाला जस्टिनियन आहे!"

"कोण?"

"रोमचा सम्राट! आज मॅडमनी वर्गात नाण्यांचे फोटो दाखवले आणि मी ओरडलेच. तोच भाला, तेच शिरस्त्राण, मागं तोच पंखवाला देवदूत. मॅडमना मी आपल्या टोपीवाल्याचा फोटो दाखवला. त्या खुर्चीवरून उठल्या!"

मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली.

ती बोलत सुटली. म्हणे सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. रोमचं राज्य इतकं मोठं झालं की एका राजाला आवरेना, म्हणून दोन भावांत त्याची वाटणी झाली. थोरल्याला पूर्व, धाकट्याला पश्चिम.

"मग?" मी विचारलं. वाटणीची गोष्ट निघाली की माझे कान टवकारतात.

"पश्चिमेकडचं राज्य शंभर वर्षांच्या आत बुडालं. उत्तरेकडून टोळ्या आल्या आणि खुद्द रोम शहर लुटलं. पूर्वेकडचं मात्र पुढं हजार वर्षं टिकलं."

"बघ! थोरल्याचंच टिकलं."

ती हसली.

"त्या पूर्वेकडच्या गादीवर पुढं हा जस्टिनियन आला. घरचा शेतकरीच होता, आपल्यासारखा. त्याचा मामा सैन्यात वर चढत चढत राजा झाला आणि गादी याला मिळाली. यानं ठरवलं, धाकट्याचं गेलेलं सगळं परत मिळवायचं. निम्मं मिळवलंही. आणि मग काय झालं माहितेय? एक वर्ष असं आलं की सूर्यच फिका पडला. कुठंतरी ज्वालामुखी फुटला असणार, त्याची राख आभाळात गेली. दीड वर्ष सूर्य चंद्रासारखा दिसायचा, लोकांनी लिहून ठेवलंय. पिकं गेली. त्यानंतर चार-पाच वर्षांत प्लेग आला. त्याच्या राजधानीत इतकी माणसं मेली की मोजणाऱ्यांनी मोजणं सोडून दिलं. त्याला स्वतःलाही झाला, पण वाचला."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं गुप्तांचं राज्य मोडत होतं, हूण आत घुसले होते. दक्षिणेत बदामीला चालुक्य उभे राहत होते. सगळ्या जगाचं जुनं मोडून नवं काहीतरी घडत होतं, मोठी आई. आणि त्या सगळ्या गोंधळात कुणीतरी जहाजातून मिरी घ्यायला आलं आणि हे नाणं देऊन गेलं. आपल्या लोकांना त्याचं नाव वाचता येईना, पण सोनं चांगलं, म्हणून दोन भोकं पाडून कुणीतरी बाईनं गळ्यात घातलं. दक्षिणेत अशीच दोन भोकांची नाणी सापडलीत. पण एखाद्या घरात घातलेलं, सासूकडून सुनेकडं आलेलं, असं मॅडमनी कधी पाहिलेलं नाही. माझा अख्खा प्रबंध तुमच्या गळ्यात आहे! मॅडम रविवारी बघायला येतायत."

प्लेग, राख, हूण, एवढं सगळं झालं, त्यातून तो वाचला. आणि हिराची माळ उजळ दिसते म्हणून मी त्याला मुशीत घातला. माझ्यासमोर बसून पोर त्याचीच गोष्ट सांगत होती, आणि मान हलवली की तो तिच्या कानात चमकत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "माळ रझियाकडं दिलीय गाठवायला. टोपीवाला पण तिकडंच असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे आहे. तिकडंच."

चार दिवस मला झोप नाही. माळ कपाटात साड्यांखाली दडवली. पहिल्यांदा वाटलं, हरवला म्हणावं. मग वाटलं, रझियाच्या हातून गहाळ झाला म्हणावं. हो, आला होता मनात तो विचार, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं आमच्या घरचं सोनं हाताळलं त्या बाईनं, एक गुंजसुद्धा इकडची तिकडं झाली नाही, आणि मी तिच्या माथी चोरी मारायला निघाले होते. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त काय टोचत होतं सांगू? हिरानं तो वाटा उचलला असता तर आज कौतुक तिचं झालं असतं. पण तो माझ्याच वाट्याला आला, मान माझाच होता, तो मीच मोडून खाल्ला. हिरावर राग काढायला जागाच उरली नव्हती, म्हणून आणखी राग येत होता.

रविवारी मॅडम आल्या. साध्या, पांढऱ्या केसांच्या, पायांतल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या. त्यांनी बैठकीत टेबलावर पांढरं कापड अंथरलं, भिंग काढलं, छोटा तराजू मांडला. आणि दारातून रझिया आत आली. ऋतिकानंच तिला फोन करून बोलावलं होतं, "माळ घेऊन या" म्हणून. रझिया हात हलवतच आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीशी बसली.

मी स्वयंपाकघरात पळाले. हिरा पोहे परतत होती. तिच्या गळ्यात तिची माळ होती, पाहुण्या येणार म्हणून घातलेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी तिच्यावरच घसरले.

"तुला माहीत होतं ना त्या दिवशी? उलटा करून बघितलास तू त्याला! मुद्दाम माझ्या गळ्यात मारलास!"

हिराचं उलथनं हातातच थांबलं. तिला खरंच काही कळलं नाही, हे मला तिच्या तोंडावरूनच दिसलं.

"गळ्यात मारला? अक्का, तुम्हीच लपवला होतात ना त्याला?"

"मग?"

"पालथा घालून, चकचकीत पुतळ्यांच्या आड. मला वाटलं, अक्काला आत्याबाईंचा टोपीवाला हवाय आणि मागायला जड जातंय. माझ्या नजरेला पडू नये म्हणून झाकलाय." तिनं गॅस बारीक केला. "मला पण हवा होता तो. शेवटच्या दुखण्यात त्यांचा अंगठा त्याच्यावरच असायचा, मी बघितलंय ना. पण तुम्ही थोरल्या. म्हटलं, घेऊ देत. म्हणून मी दुसरा ढीग उचलला."

बाहेरून ऋतिकाचा आवाज आला, "मोठी आई, आणताय ना? रझियाचाची म्हणतायत माळ त्यांच्याकडं नाहीये!" आणि लगेच मॅडमचा आवाज, जरा वेगळ्या सुरात, "मग शेवटची कुणाकडं होती?" रझियानं "भाभींना विचारा" म्हटलं असतं तर सुटली असती, पण ती गप्प बसली.

मी कपाट उघडलं, माळ काढली आणि बैठकीत आले. पांढऱ्या कापडावर ठेवली. सतरा लक्ष्म्या. मॅडम पुढं वाकल्या, एकेक बघत गेल्या आणि मधलीपाशी थांबल्या.

"यात कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"हीच ती मधली," मी म्हटलं. "रझियाचा काही संबंध नाही. मीच रतन सोनाराकडून मोडून घेतला. यात निम्मा आहे." मग पोरीकडं बघायची हिंमत केली. "ऋतिका, कानातलं काढ बाळा. राहिलेला त्यात आहे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, मग भिंग परत डबीत ठेवलं. ऋतिकानं दोन्ही फुलं काढून तळहातावर घेतली.

"का, मोठी आई?"

खोटं सांगायला शंभर कारणं होती. "तुझ्या आईची माळ माझ्यापेक्षा चांगली दिसत होती म्हणून," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. रझियासमोर, त्या परक्या बाईसमोर, आणि दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या हिरासमोर.

मला वाटलं, आता हिरा ओरडेल. ओरडू दे, एकदा तरी ओरडू दे. शिव्या दे म्हणावं, तुझ्या पोरीचं वर्ष बुडवलं मी. म्हणजे आमचा हिशेब एकदाचा सरळ होईल, तीही माझ्यासारखीच आहे असं मला म्हणता येईल.

हिरानं ट्रे टेबलावर ठेवला. रझियाला पहिली बशी दिली. मग ऋतिकाच्या तळहातावरची फुलं उचलली आणि एकेक करून पोरीच्या कानांत परत घातली, फिरकी घट्ट केली. "राहू दे कानात," म्हणाली. "आजीचंच सोनं आहे. फोटो आहेत ना तुझ्याकडं? मॅडम, फोटोवरून लिहिता येईल का हो काही?" मग माझ्याकडं वळून, रोजच्याच आवाजात, "अक्का, बसा. पोहे गार होतायत."

बशी हातात घेतली आणि मेली मी, त्या घटकेलासुद्धा जळलेच. एवढं मोठं मन हिच्याच वाट्याला कसं आलं? वाटणी तर मी केली होती.